पेन्सिलीने लिहिलेली नावे

अमेरिकेतल्या डरहॅम बुल्स या बेसबॉल संघाचा सामना पाहायला जाताना मी पेन कधीच नेत नाही. टोक काढलेल्या दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि स्कोअर लिहिण्याची लांबट वही एवढेच सामान पिशवीत असते. ही सवय मला शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका गृहस्थांनी लावली. पहिल्या वर्षी मी खेळाडूंची नावे निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरांत लिहून काढलेली त्यांनी पाहिली आणि सौम्यपणे सांगितले की, इथे नावे शाईने लिहू नयेत, कारण ही मुले सामना संपेपर्यंत इथे असतीलच असे सांगता येत नाही. मला तेव्हा ते बोलणे अतिशयोक्त वाटले होते. पुढे दोनच आठवड्यांनी, एका सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी, म्हणजे पाळ्यांपैकी, पाचवीला आमचा सेंटर फील्डर, म्हणजे मागे मैदानाच्या मधोमध उभा राहणारा क्षेत्ररक्षक, उतरलाच नाही. त्याच्या जागी दुसराच मुलगा धावत गेला. दुखापत झाली असावी असे वाटून मी डगआउटकडे पाहिले, तर तिथे सगळा संघ एकेक करून त्याला मिठी मारत होता आणि तो टोपी डोळ्यांवर ओढून, मान खाली घालून उभा होता. शेजारच्या गृहस्थांनी पेन्सिल वहीत ठेवली, ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाहता पाहता आमच्या बाजूच्या साऱ्या रांगा उभ्या राहिल्या. त्याला वरून बोलावणे आले होते.

बेसबॉलच्या या जगात ‘वर’ या दोन अक्षरांत सगळे आयुष्य मावते. मेजर लीग ही सर्वांत वरची स्पर्धा; तिचे तीस संघ आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर एकेक संघ आहे. असे हे एकशेवीस संघ म्हणजे मायनर लीग. डरहॅम बुल्स हा १९९८ पासून फ्लोरिडातल्या टँपा बेच्या संघाचा ट्रिपल-ए संघ आहे, म्हणजे जिन्याची शेवटची पायरी. मैदान, तिकिटे, नाव आणि गणवेश डरहॅमचे; खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे पगार मात्र वरच्या संघाचे. कोणाला कधी न्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हे ठरवताना डरहॅमने कालचा सामना जिंकला की गमावला याचा फारसा विचार होत नाही. आपला सर्वांत चांगला खेळाडू ऐन भरात आला की तो आपल्याकडून नेला जाणार, हे इथल्या चाहत्याने गृहीत धरलेले असते, आणि तो नेला जावा अशीच त्याची मनापासून इच्छा असते. ज्याच्यावर जीव जडला तो लवकर निघून जावा, अशी इच्छा करायला लावणारे दुसरे कोणतेही प्रेक्षागृह मी पाहिलेले नाही, आणि मला या खेळाची ओढ लागली ती नेमकी याच कारणाने.

मी मूळची दादरची. आमच्या घरात क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाला खेळ म्हणत नसत. नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावात आम्ही राहायला आलो आणि एका वसंत ऋतूत मुलाच्या शाळेतून डरहॅमच्या सामन्याची तिकिटे मिळाली, म्हणून केवळ त्याच्यासोबत जायचे म्हणून मी गेले. पहिल्या तीन इनिंगमध्ये मला काहीही कळले नाही. चौथ्या इनिंगला मात्र संध्याकाळचे ऊन मैदानावर तिरपे पडले, हिरवळ आणि लालसर माती एकदम उजळून निघाली, आणि पिचरने चेंडू टाकण्यापूर्वी सगळे मैदान जे क्षणभर स्तब्ध होते ते मला ओळखीचे वाटले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून पाहिलेल्या कितीतरी सामन्यांत, गोलंदाज धाव घ्यायला वळतो तेव्हा, हीच स्तब्धता मी लहानपणी अनुभवली होती.

डरहॅम हे तंबाखूचे गाव. इथला संघ १९०२ मध्ये निघाला तेव्हा त्याचे नावच ‘डरहॅम टोबॅकोनिस्ट्स’ असे होते. पुढे १९१३ मध्ये, ‘बुल डरहॅम’ या इथल्या प्रसिद्ध तंबाखूच्या छापावरून तो ‘बुल्स’ झाला. आजच्या मैदानाच्या दारातून बाहेर पडले की समोरच जुन्या सिगारेट कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती दिसतात आणि त्यांच्यावर ‘लकी स्ट्राइक’ असे लिहिलेली पाण्याची उंच टाकी उभी आहे. हा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तरुणपणी तिथे काम केले होते, आणि ते सांगतात की तेव्हा सामन्याला येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना, आणि पावसाळी हवेत तर साऱ्या गावालाच, तंबाखूच्या पानांचा गोडसर वास येत असे. आता त्या इमारतींत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत, आणि आमच्यासारखी संगणकावर काम करणारी माणसे तिथून निघून पायी सामन्याला येतात. संघानेही असेच चढउतार पाहिले आहेत. १९७२ पासून १९७९ पर्यंत तो अस्तित्वातच नव्हता. १९८० मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि १९९५ मध्ये सध्याच्या, सुमारे दहा हजार प्रेक्षकांच्या मैदानावर आला. १९२६ मध्ये बांधलेले जुने मैदान अजून गावातच आहे, आणि मी अधूनमधून वाट वाकडी करून त्याच्यावरून जाते.

नव्या मैदानात डाव्या हाताला बत्तीस फूट उंचीची निळी भिंत आहे आणि तिच्या माथ्यावर लाकडी फळ्यांचा भलामोठा वळू. आमच्या खेळाडूने होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानापार टोलवला, की त्याचे डोळे लाल होतात, शेपूट हलते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. मूळचा वळू १९८७ मध्ये एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी जुन्या मैदानावर उभारला होता, आणि लोकांनी त्याला जाऊच दिले नाही. चेंडू वळूला लागला तर मारणाऱ्याला स्टेक मिळेल आणि खालच्या गवताला लागला तर सॅलड, असे त्याच्यावर लिहिलेले आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना प्रत्येक उंच चेंडूला उभा राहून ‘सॅलड! सॅलड!’ असे ओरडत असे, कारण घरी आम्ही मांसाहार करत नव्हतो आणि खेळाडूलाही तेच आवडेल अशी त्याची खात्री होती.

इथे भाजलेल्या शेंगा मिळतात, टरफलांसकट, कागदी पिशवीत. टरफले पायाखाली टाकायची असतात आणि ती कोणीही उचलायला सांगत नाही. टिळकांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हे पहिल्यांदा करताना हात आखडता घ्यावासा वाटतो, पण दुसऱ्या इनिंगपर्यंत सवय होते. पायाखाली टरफलांचा बारीक आवाज, हातात पेन्सिल आणि समोर दिव्यांच्या उजेडात पांढरा होत जाणारा चेंडू, यापेक्षा अधिक काही मला मंगळवारच्या संध्याकाळी नको असते.

आता त्या वहीविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. बेसबॉलच्या स्कोअरच्या वहीत प्रत्येक बॅटरच्या नावापुढे इनिंगगणिक एकेक चौकोन असतो आणि त्या चौकोनात त्याच्या पाळीची सगळी हकीकत लिहायची असते. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत: चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरच्या मागे बसून तो झेलणारा कॅचर २, फर्स्ट बेसवरचा ३, सेकंड बेसवरचा ४, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप ६, याप्रमाणे; बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे. त्यामुळे ६-४-३ एवढे लिहिले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलला, सेकंड बेसकडे दिला, तिथून तो फर्स्ट बेसकडे गेला आणि एका फटक्यात दोन गडी बाद झाले, हे सारे दहा वर्षांनीही डोळ्यांपुढे उभे राहते. तीन स्ट्राइकवर, म्हणजे हुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या योग्य चेंडूंवर, बाद झालेल्याच्या चौकोनात इंग्रजी के हे अक्षर लिहितात. आणि शेवटचा चेंडू बॅट न फिरवता नुसता पाहत राहून जो बाद होतो, त्याच्या चौकोनात तेच अक्षर उलटे लिहितात. हे उलटे अक्षर मला फार आवडते. निर्णय घ्यायला क्षणभर उशीर झालेल्या माणसाची एवढी थोडक्यात आणि एवढी न्याय्य नोंद दुसऱ्या कोणत्याही खेळात नसेल.

२०१४ च्या जूनमध्ये माझे बाबा इथे राहायला आले होते. बाबांनी पंचवीसेक वर्षे एका क्लबासाठी कांगा लीगमध्ये स्कोअर लिहिला. ही स्पर्धा १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ सुरू झाली आणि ती खेळली जाते भर पावसाळ्यात, उघड्या खेळपट्ट्यांवर, जिथे चेंडू कधी तिथेच थबकतो तर कधी छातीपर्यंत उसळतो. तिथे नामवंत खेळाडू आणि कोणालाही ठाऊक नसलेली शाळकरी मुले एकाच संघात खेळतात; सचिन तेंडुलकरही १९८४ मध्ये, जेमतेम अकरा वर्षांचा असताना, याच स्पर्धेत खेळू लागला. बाबा संध्याकाळी ओल्या चपलांनी घरी येत आणि आईला सांगत, ‘आज एक पोरगा पाहिला, हा पुढे जाणार.’ त्यांनी नाव घेतलेला प्रत्येक मुलगा पुढे गेला असे मुळीच नाही, पण त्या वाक्याचा उत्साह कधी उणावला नाही.

अशा माणसाला मी डरहॅमच्या मैदानावर नेले. दोन इनिंग त्यांनी काहीही न बोलता पाहिल्या. मग त्यांची नजर शेजारच्या वहीकडे गेली. त्या गृहस्थांचे दक्षिणी उच्चार बाबांना समजत नव्हते आणि बाबांचे इंग्रजी त्यांना, पण वही दोघांनाही समजत होती. गृहस्थांनी चौकोनावर बोट ठेवून त्यांना उलटे अक्षर दाखवले आणि मैदानावरच्या बॅटरकडे बोट केले. बाबांनी मान डोलावली आणि माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली. माझ्या वहीच्या समासात त्यांनी सहा टिंबे काढली, ती रेघांनी जोडून इंग्रजी एम तयार केला आणि म्हणाले, ‘मेडन. सहा चेंडू, एकही धाव नाही.’ मग पुन्हा सहा टिंबे काढून त्यांनी निर्धाव षटकात बळी मिळाला तर होणारे डब्ल्यू अक्षर दाखवले. गृहस्थांनी ते बराच वेळ पाहिले आणि स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर काळजीपूर्वक उतरवून घेतले. सहाव्या आणि सातव्या इनिंगचा आमचा स्कोअर बाबांच्या हस्ताक्षरात आहे. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे मैदान उभे राहून गाणे म्हणते तेव्हा बाबाही उभे राहिले, पण त्यांचे लक्ष वहीतच होते. एक चेंडू हुकला असावा अशी त्यांना शंका होती.

त्या दिवशी बाबांच्या मनात भरला तो आमचा कॅचर. दोन चेंडूंच्या मध्ये तो उठून पिचरपर्यंत चालत जाई, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोले आणि परत येऊन बसे. ‘संघ हा पोरगा चालवतो आहे,’ असे बाबा म्हणाले, आणि मग ते वाक्य आलेच: ‘हा पुढे जाणार.’

इथे ज्यांनी घाम गाळला त्यांतले काही खरोखरच फार पुढे गेले. पुढे सिनसिनाटीच्या संघाकडून सलग दोन वर्षे, १९७५ आणि १९७६ मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला जो मॉर्गन १९६३ मध्ये डरहॅमकडून खेळला होता. तो कृष्णवर्णीय होता आणि तेव्हाच्या दक्षिणेत प्रेक्षकांच्या बैठकांपासून पाण्याच्या नळांपर्यंत सगळे वर्णाप्रमाणे वेगळे होते. त्या अपमानाने सामान भरून घरी परतण्याच्या विचारापर्यंत तो आला होता, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. पुढे डरहॅमने त्याच्या मानार्थ त्याचा क्रमांक कायमचा राखून ठेवला. आज आमच्या रांगेत काळी, गोरी आणि आमच्यासारखी सावळी माणसे मांडीला मांडी लावून बसतात, आणि मॉर्गनची गोष्ट मी माझ्या मुलाला याच रांगेत बसून सांगितली.

मात्र बहुतेकांची गोष्ट अशी पूर्ण होत नाही. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू २००८ मध्ये वेगवान चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले, त्यांनी पिट्सबर्गच्या संघाशी करार केला आणि २००९ मध्ये मायनर लीगमध्ये खेळणारे ते पहिले भारतीय ठरले. ज्यांनी त्याआधी बेसबॉल कधी हातात धरला नव्हता त्यांनी एवढे करून दाखवले, याचे मोल मला फार वाटते. पण दिनेश दोन हंगामांनंतर घरी परतला आणि रिंकूला दुखापतींनी खालच्याच पायऱ्यांवर अडवले. ट्रिपल-एपर्यंत पोचलेल्यांचेही जगणे सोपे नव्हते. २०२२ पर्यंत या शेवटच्या पायरीवरच्या खेळाडूला वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळत. खेळाडूंची संघटना झाली आणि २०२३ च्या करारानंतर ते ३५,८०० झाले. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. एका जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये एवढे अंतर आहे, हे मनात ठेवून मी यांचा खेळ पाहते. पहिल्या बेसकडे जिवाच्या आकांताने धावणारा मुलगा कशासाठी धावतो आहे हे एकदा कळले की साध्या, बाद होणाऱ्या फटक्यावरूनही नजर हटत नाही.

ज्यांची गोष्ट पूर्ण झाली नाही त्यांच्याविषयी मला वाटणारी माया एका सामन्याच्या हकिगतीत साठलेली आहे. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट या गावी १८ एप्रिल १९८१ च्या रात्री पॉटकेट आणि रॉचेस्टर या ट्रिपल-ए संघांचा सामना सुरू झाला आणि तो संपेचना. बत्तीस इनिंग झाल्या, ईस्टरच्या रविवारची पहाट उजाडायला आली, थंडीने खेळाडूंनी तुटक्या बॅटी जाळून शेक घेतला, आणि चार वाजून सात मिनिटांनी खेळ थांबवला तेव्हा मैदानात एकोणीस प्रेक्षक उरले होते. उरलेला सामना २३ जूनला झाला आणि तेहेतिसाव्या इनिंगमध्ये, अवघ्या अठरा मिनिटांत, पॉटकेटने तो ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांबलेला सामना आहे. त्या रात्री खेळलेले वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या श्रेष्ठांच्या मानाच्या यादीत, गेले. विजयी फटका मारला तो मात्र डेव्ह कोझाने, आणि कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. त्या एकोणीस माणसांत आपण असतो तर, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येऊन जातो.

२०२० मध्ये महामारीमुळे मायनर लीगचा हंगाम झालाच नाही. त्यानंतर मेजर लीगने सगळी रचना बदलली आणि चाळीसहून अधिक गावांच्या संघांचे वरच्या संघांशी असलेले नाते संपले. आमच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर असलेल्या बर्लिंग्टनच्या मैदानावर आता उन्हाळ्यात महाविद्यालयीन मुलांची लीग चालते. सामने होतात, दिवे लागतात, शेंगाही मिळतात. पण तिथून कोणाला फोन येऊन कोणी मेजर लीगमध्ये जात नाही, आणि हे मला त्या गावांवर झालेले नुकसान वाटते, हिशेबात न बसणारे. लहान गावातल्या मुलाने टीव्हीवर एखाद्या खेळाडूला पाहून ‘याने माझ्या टोपीवर सही केली होती’ असे म्हणणे ही त्या गावाची मिळकत होती.

डरहॅममध्ये खेळ २०२१ मध्ये परत सुरू झाला. आता एकच पाहुणा संघ मंगळवारपासून रविवारपर्यंत सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे पाहुण्यांचीही ओळख होते. जॅक्सनव्हिल जम्बो श्रिम्प आले की त्यांच्या टोपीवरची कोळंबी पाहायला सगळी मुले कठड्याशी जमतात. चेंडू स्ट्राइक होता की नाही याविषयी शंका असेल तर खेळाडू टोपीला हात लावतो आणि मोठ्या पडद्यावर यंत्राचा निवाडा क्षणात दिसतो; हा प्रयोग मेजर लीगच्या आधी इथे झाला. शेजारच्या गृहस्थांना तो मनापासून आवडला, कारण न्याय झाला पाहिजे, मग तो कोणीही करो, असे ते म्हणतात. त्यांचा हात आता थोडा कापतो, म्हणून आकडे मी लिहिते आणि ते सांगतात.

बाबांनी पाहिलेला कॅचर वर गेला नाही. २०१४ च्या त्या उन्हाळ्यानंतर तो आणखी एक हंगाम डरहॅमला होता, मग दुसऱ्या एका संघाच्या ट्रिपल-एमध्ये गेला आणि शेवटी एका महाविद्यालयात प्रशिक्षक झाला. त्याचे नाव वहीच्या त्या पानावर आहे, बाबांच्या दोन इनिंग आणि समासातल्या सहा टिंबांसह. बाबा पुढे दोन वर्षे फोनवर पहिला प्रश्न हाच विचारत, ‘तो गेला का रे वर?’ त्यांच्या तोंडी मुलींनाही ‘रे’ असते. तो प्रशिक्षक झाल्याचे मी सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की, त्याच्या हाताखालची मुले चांगली निघतील.

आता बाबांचे वय त्र्याऐंशीच्या पुढे आहे आणि प्रश्न थोडा बदलला आहे. ‘काल कोण गेले?’ असे ते विचारतात, आणि मी वही उघडून खोडलेल्या नावाखालचे फिकट अक्षर वाचून दाखवते. उद्या मंगळवार आहे. नॉरफोकचा संघ येणार आहे, आणि गेले तीन आठवडे ज्याच्या बॅटमधून नुसता खणखणीत आवाज येतो आहे तो आमचा एकवीस वर्षांचा शॉर्टस्टॉप लाइनअपमध्ये असेल की नसेल हे मला ठाऊक नाही. सामना संपवून मी कॅरीला घरी पोचेन तेव्हा दादरला सकाळचे आठ वाजत आलेले असतील, बाबांचा दुसरा चहा झालेला असेल आणि फोन त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या हातावर ठेवलेला असेल.